पिफला दोनच दिवस मिळाले तर काय बघाल, काय सोडाल?

टेकडीवरचा

थंडी पडली की व्यनित (व्यक्तिगत निरोपांत) एकच प्रश्न येऊ लागतो. "पिफला यायचंय, रजा दोनच दिवस आहे, काय बघू?" यंदा चौघांनी विचारलं. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. बाकीच्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे अडवावं.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: पिफ म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तो २००२ साली सुरू झाला. डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक, राज्य शासनाचाही त्यात हात. एरवी जानेवारी-फेब्रुवारीत असतो, करोनामुळे २०२२ साली मार्चवर गेला होता. आठवडाभरात शंभराहून जास्त चित्रपट लागतात. दोन दिवसांत माणूस सात, फार तर आठ बघणार. म्हणजे बहुतेक सगळा महोत्सव सुटणारच. म्हणून काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं.

माझा हिशोब इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवर येऊन थांबलाय: जे पुन्हा कुठे दिसायची खात्री नाही ते आधी. कान किंवा व्हेनिसला गाजलेला, सगळ्यांच्या तोंडी असलेला चित्रपट चार-सहा महिन्यांत कुठल्यातरी ओटीटीवर येतो. रांग मात्र त्यालाच सगळ्यात मोठी असते. पाऊण तास उभं राहून तो बघायचा आणि त्याच वेळी शेजारच्या पडद्यावर एखाद्या नव्या मराठी दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे चालू असतो, हे मला बघवत नाही.

म्हणून माझी पहिली पसंती मराठी स्पर्धा विभाग. साधारण सात चित्रपट असतात, त्यातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला 'संत तुकाराम' पुरस्कार मिळतो. (आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला पुरस्कार 'प्रभात' या जुन्या चित्रपट कंपनीच्या नावाने आहे.) हे चित्रपट पुढे थिएटरात येतातच असं नाही, आले तरी कधी येतील याचा नेम नाही. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. २०२३ च्या सप्टेंबरात टोरंटोला दाखवला गेला, तिथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे थिएटरात लागला २०२५ च्या मार्चमध्ये. दीड वर्ष! आणि हा नशीबवान, याला लोकांनी नावाजलं, वितरक मिळाला. ज्यांना तो मिळत नाही त्यांचं काय होतं? महोत्सवातले दोन खेळ, तेवढंच त्यांचं थिएटर.

दुसरी गोष्ट अर्काइव्ह. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. त्यावर वेगळा प्रतिसाद लिहावा लागेल, इथे कुणीतरी जाणकार लिहीलच.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्म्स. त्या एकत्र दोन तासांच्या गठ्ठ्यात दाखवतात. आणि चौथी, दिवसातला एक तास वक्त्यांसाठी ठेवा. विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान पिफचा जुना भाग आहे आणि ते चुकवलेलं मला तरी नंतर सलतं.

सोडायचं काय? उद्घाटनाचा चित्रपट. आणि दिवसातला पाचवा चित्रपट. पाचव्याला डोळे उघडे असतात पण माणूस आत नसतो, चौथ्याचंही काही शिल्लक राहत नाही.

माणदेशी

काका, धागा काढल्याबद्दल खूप आभार. व्यनि करणाऱ्या चौघांतला एक मीच. मी आटपाडीकडचा, सध्या सांगलीत शिकतोय. आजवर एकाही महोत्सवाला गेलेलो नाही. इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, हीच मुख्य भीती आहे. आणि प्रवेशाचा बिल्ला काढायला ओळख वगैरे लागते का?

टेकडीवरचा

@माणदेशी, ओळख-बिळख काही लागत नाही. ऑनलाइन नोंदणी करायची, पैसे भरायचे, ओळखपत्र दाखवून बिल्ला आणि कॅटलॉग घ्यायचा. विद्यार्थी आहेस तर कॉलेजचं कार्ड जवळ ठेव, सवलत असली तर कामी येतं. सबटायटल्सचं म्हणशील तर मधल्या रांगांच्या जरा मागे बस. पुढे बसलं की नजर वर-खाली करावी लागते, मागून चित्र आणि अक्षरं एकदम दिसतात. पहिली दहा मिनिटं जड जातील, मग सवय होते. एखादं वाक्य सुटलं तर सोडून दे, चेहऱ्याकडे बघ.

औंधकरीण

टेकडीवरचे, मराठी स्पर्धेबद्दल मनापासून सहमत. पण "गाजलेले सगळे ओटीटीवर येतात" हे मला अजिबात पटलं नाही आणि नवीन माणसाने यावर विसंबून राहू नये असं वाटतं.

येतात ते मोजके. ज्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांनी घेतले ते. मध्य आशियातला, बाल्कन देशांतला, लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या देशातला चित्रपट आपल्याकडे पुन्हा दिसत नाही. मी गेल्या आठ-नऊ वर्षांत पिफला बघितलेल्या कित्येक चित्रपटांची नावं वहीत लिहून ठेवलीत आणि अधूनमधून शोधत असते. निम्मेसुद्धा सापडलेले नाहीत. जे सापडले त्यातले काही कापलेले होते. महोत्सवांना केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते, त्यामुळे इथे चित्रपट दिग्दर्शकाने केला तसा अख्खा दिसतो. ही फार मोठी गोष्ट आहे, तिचा धाग्यात उल्लेखच नाही.

आणि पडदा! मी एकदा एक चित्रपट बघितला, मेंढपाळाचा. पहिली सहा-सात मिनिटं गवताळ डोंगर आणि त्यावरून सरकणारी ढगाची सावली, दुसरं काही नाही. सावली पडद्याच्या डावीकडून उजवीकडे गेली तेव्हा पूर्ण सभागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. हे मोबाइलवर कोण बघेल? मी स्वतः पुढे ढकललं असतं.

माझी पद्धत: कॅटलॉग उघडायचा, पुरस्काराकडे न बघता देश बघायचा. ज्या देशाचा एकही चित्रपट आयुष्यात बघितला नाही त्यावर खूण करायची.

टेकडीवरचा

औंधकरीण, मान्य. मी घाईत सरसकट लिहिलं. सेन्सॉरच्या सुटीचा मुद्दा लिहायलाच हवा होता. माझं वाक्य असं वाचावं: ज्याचे हक्क आधीच विकले गेलेत, ज्याच्या तारखेच्या जाहिराती लागल्यात, तो सोडा. बाकी तुमची देशांची पद्धत मला आवडली, यंदा करून बघतो.

रीळवाला

अर्काइव्हचं नाव निघालं म्हणून लिहितोय. मी सातारा आणि कोल्हापूर मिळून सत्तावीस वर्षं थिएटरच्या बूथमध्ये, प्रोजेक्टर चालवण्यात काढली. कार्बनच्या कांड्यांपासून ते मशीन उचलून नेली त्या दिवसापर्यंत.

संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं. पी. के. नायर साहेबांनी ते उभं केलं असंच म्हणायला हवं. रीळ कुठे पडून आहे असं कळलं की माणूस तिथे पोचायचा. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा जेवढा भाग आज उरलाय तो त्यांच्या धडपडीमुळे. शेजारचं एफटीआयआय, म्हणजे चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था, हा मूळचा प्रभात स्टुडिओ. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. म्हणजे तुम्ही लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट बघायला जाता तेव्हा ज्या जमिनीवर तो घडला तिच्या शेजारी बसून बघता. असं ठिकाण देशात दुसरं दाखवा.

२००३ च्या जानेवारीत तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. प्रभातच्या काळातली मूळ रिळं त्यात गेली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, ती जळताना स्वतःच प्राणवायू तयार करते. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. हे सांगायचं कारण, आज जुना चित्रपट पडद्यावर दिसतो तेव्हा तो कुणीतरी वेळेवर काढलेल्या दुसऱ्या प्रतीमुळे दिसतो. म्हणून महोत्सवाच्या वेळापत्रकात जुना मराठी किंवा कुठलाही भारतीय चित्रपट संग्रहालयाच्या पडद्यावर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा.

जाल तेव्हा एक बघा. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका येतो, काही सेकंदांनी आणखी एक. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. पहिल्या ठिपक्याला आम्ही दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचो, दुसऱ्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र एका मशीनवरून दुसऱ्यावर. चुकलं की पडदा पांढरा आणि शिट्ट्या. जुन्या प्रिंटवरून केलेल्या डिजिटल प्रतींतही हे ठिपके कधीकधी राहिलेले असतात. काही लोक म्हणतात, स्वच्छ करून टाकावेत. मला वाटतं राहू द्यावेत.

माणदेशी

रीळवाले काका, हे कुठेच वाचलं नव्हतं. अजून लिहा ना. आणि जुना मराठी चित्रपट पहिल्यांदा बघणाऱ्याने काय बघावं? आमच्या पिढीला ते फार संथ आणि नाटकी वाटतात, खरं सांगतो.

रीळवाला

वाटेल संथ, वाटू दे. 'संत तुकाराम' (१९३६) कधी मोठ्या पडद्यावर लागला तर तुकारामाच्या आधी जिजाईकडे बघ. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी ती भूमिका गौरीला दिली. ती प्रभातमध्ये आधी साधी कामगार होती, नटी म्हणून आलेली नव्हती. पोर आजारी पडलंय म्हणून ती देवळात शिरते आणि पायातली वहाण काढून विठोबावर उगारते, तो हात बघ. त्यात नाटक नाही. कामाला जुंपलेल्या बाईचा हात आहे तो. चित्रपट दुसऱ्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. ते गोऱ्या लोकांनी सुद्धा बहुतेक या बाईमुळेच केलं असावं, असं मी आपलं धरून चालतो.

आणि 'आधी बीज एकले' कान देऊन ऐक. कित्येक अभ्यासकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला होता. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला.

सीमाभागातली

मी बेळगावची. दरवर्षी रात्रीच्या बसने येते, सकाळी साडेपाचला स्वारगेट, बहिणीकडे अंघोळ आणि थेट रांगेत.

माझी सूचना शेजारच्या भाषांबद्दल. कोकणी, कन्नड, तुळू, गुजराती, जे काही भारतीय विभागात असेल ते. परदेशी बघायला सगळे धावतात आणि शंभर किलोमीटरवरचं गाव आपल्याला माहीत नसतं. हर्षद नलवडे यांचा 'फॉलोअर' २०२३ ला रॉटरडॅमला गेला, आमच्या बेळगावात घडणारा चित्रपट. त्यात आमच्यासारखी माणसं एका वाक्यात मराठी सुरू करून कन्नडमध्ये संपवतात. पडद्यावर माझी स्वतःची बोली ऐकून मला काय झालं हे नीट सांगता येणार नाही. आमचं गाव टीव्हीवर दिसतं ते फक्त दगडफेकीच्या दिवशी. तिथे पहिल्यांदा मित्र दिसले, चहाची टपरी दिसली, घरातली भांडणं दिसली. थिएटरात तो २०२५ मध्ये आला आणि चार दिवसांत उतरला आमच्याकडे. टेकडीवरचे म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

कथानक

शॉर्टफिल्म विभागाबद्दल दोन शब्द, कारण मी त्या बाजूने बसलेय.

माझी बारा मिनिटांची फिल्म एका महोत्सवात होती (पिफ नव्हे, नाव लिहीत नाही). वेळ ऐनवेळी बदलली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आई-बाबा गावाहून आले होते, ते पोचेपर्यंत गठ्ठ्यातली माझी फिल्म होऊन गेली होती. सभागृहात तीसेक माणसं होती. मी शेवटच्या रांगेत एकटी बसले होते आणि मला फक्त बाहेर पळून जायचं होतं.

जिन्यात एक बाई थांबल्या. साठीच्या असतील. त्या म्हणाल्या, "त्या मुलीने कुकरची शिटी मोजताना बोटं मुडपली ना, तशी मी मोजते." बस्स, एवढंच म्हणून त्या पुढच्या चित्रपटाला गेल्या. ती बोटं मी स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नव्हती, अभिनेत्रीने स्वतःहून केलं होतं आणि एडिटला आम्ही तो शॉट दोनदा काढून दोनदा परत घातला होता.

दोन वर्षं झाली. अजून काम करतेय ते त्या जिन्यातल्या वाक्यावर.

तेव्हा कृपा करून शॉर्टफिल्म्सच्या गठ्ठ्यात एक आवडली नाही म्हणून उठून जाऊ नका, पुढची कुणाचीतरी पहिलीच असते. आणि श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. आणि आवडलेलं एक तरी बारीक काहीतरी त्या मुलांना गाठून सांगा. "छान होती" असं नको, काय छान होतं ते सांगा.

औंधकरीण

कथानक, वाचून गलबलून आलं. फिल्मची लिंक असेल तर व्यनि कराल का?

मोंढ्यावरून

मराठवाड्यातल्या मंडळींसाठी: पुणं लांब पडत असेल तर आमच्या छत्रपती संभाजीनगरला या. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारीच्या आसपासच असतो. आकाराने पिफपेक्षा बराच लहान, पण त्यामुळेच सगळे एकमेकांना भेटतात. दिग्दर्शक तुमच्याच शेजारी चहा पीत उभा असतो. 'पद्मपाणि' हा जीवनगौरव आणि 'सुवर्ण कैलास' हा स्पर्धेतला पुरस्कार, दोन्ही नावं लेण्यांवरून घेतलेली. २०२५ चा पद्मपाणि सई परांजपे यांना दिला, मी समोर होतो. सभागृह उभं राहिलं होतं.

परभणी, जालना, बीडची कॉलेजची पोरं गाडी करून येतात. त्यांच्यातल्या काहींनी त्याआधी हिंदी-मराठी-तेलुगूपलीकडे काही बघितलेलं नसतं. शो सुटल्यावर ती पार्किंगमध्ये तासभर बोलत उभी राहतात, ते ऐकायला मी मुद्दाम रेंगाळतो.

रीळवाला

कोल्हापूरचंही नोंदवून ठेवा. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी वर्षभर चित्रपट दाखवते, महोत्सवही भरवते. शाहू स्मारक आमचं ठिकाण.

आणखी एक, आजकाल खेळ उशिरा सुरू झाला की लोक आरडाओरडा करतात, म्हणून सांगतो. हल्ली चित्रपट हार्डडिस्कवर डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत) म्हणून येतो, त्याला कुलूप असतं. किल्ली वेगळी येते, संगणकातून. ती एका ठरावीक सर्व्हरवर आणि ठरावीक वेळेतच चालते. पडदा बदलला की जुनी किल्ली लागत नाही, नवी मागवावी लागते, आणि पाठवणारा सात समुद्रापलीकडे झोपलेला असतो. बूथमधल्या पोराचा त्यात दोष नसतो. त्याला शिव्या देऊ नका.

माणदेशी

माझा बेत असा ठरतोय, बघून सांगा. पहिल्या दिवशी सकाळी मराठी स्पर्धा, दुपारी शॉर्टफिल्म्स, संध्याकाळी औंधकरीण ताईंच्या पद्धतीने न बघितलेला देश. दुसऱ्या दिवशी अर्काइव्हला जे जुनं असेल ते, मग परत मराठी, मग व्याख्यान जमलं तर. उतरणार पुणे स्टेशनला. राहायची सोय मित्राच्या खोलीवर, कर्वेनगरला.

टेकडीवरचा

उत्तम बेत. स्टेशनवरून मेट्रो धर, वनाजकडे जाणारी. नळ स्टॉपला उतरलास की अर्काइव्ह चालत येतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या मॉलमधले पडदे असतील तर तिथून अर्काइव्हला चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण ठिकाणं वर्षागणिक बदलतात, त्यामुळे वेळापत्रक आलं की आधी तेच बघ. दोन खेळांत किमान पाऊण तास ठेव. प्रवेश आधी येईल त्याला आधी, बिल्ला आहे म्हणून खुर्ची मिळेलच असं नाही.

मराठी चित्रपटानंतर दिग्दर्शक आणि चमू पुढे येतात, प्रश्नोत्तरं होतात. त्यासाठी थांबच. पुढचा चित्रपट बुडाला तरी चालेल. आणि प्रश्न विचार. लाजू नकोस.

सीमाभागातली

डबा घेऊन ये रे बाळा. मॉलमध्ये खाणं परवडत नाही. अर्काइव्हच्या बाहेर झाडाखाली आमचं टोळकं बसतं दुपारी, ये तिथे. गूळपोळी असेल.

माणदेशी

(अकरा दिवसांनी)

आलो, बघितलं, परत सांगलीला पोचलो. सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला, परीक्षा होती.

एकूण सहा बघितले. सबटायटल्सची भीती दुसऱ्या चित्रपटात गेली, मागे बसायची युक्ती खरी आहे. न बघितलेला देश म्हणून किर्गिझस्तान घेतला. निम्मं कळलं नाही, तरी दोन रात्री तेच डोळ्यासमोर होतं. गूळपोळी मिळाली. ताई, तुमच्या बहिणीलाही नमस्कार सांगा. शॉर्टफिल्म्स सगळ्या बघितल्या आणि दोघांना गाठून सांगितलं, कथानक ताईंनी सांगितलं होतं तसं, काय आवडलं ते नेमकं. एक मुलगा एकदम गप्पच झाला, मग त्याने माझा नंबर घेतला.

अर्काइव्हला ठिपका दिसला! पहिला हुकला, दुसऱ्या रिळाला बरोबर पकडला. मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं, त्यांना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

आता खरी सांगायची गोष्ट. मराठी स्पर्धेतला एक चित्रपट होता, दुष्काळी भागातला. नाव लिहीत नाही, कारण अजून लागायचा आहे आणि दिग्दर्शकाने कथा फोडू नका अशी विनंती केली होती. सुरुवातीला एक बाई अंगणात सूप घेऊन धान्य पाखडतेय. तीन-चार मिनिटं तेवढंच. चेहरा दिसत नाही, पाठ दिसते आणि आवाज येतो. मग आतून सासू विचारते, ज्वारी झाली का निवडून.

माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी अडकलं. आमच्या घरी आई रोज पाखडते, त्या आवाजावर मी लहानपणापासून उठतोय. ज्वारीचा दाणा टपोरा, सुपात पडताना त्याचा जाड आवाज येतो. इथे बारीक सळसळ होती. चित्रपटभर ते डोक्यातून जाईना.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मोठी माणसं मोठे प्रश्न विचारत होती, प्रतीकं वगैरे. माझे पाय कापत होते, पण टेकडीवरच्या काकांनी लाजू नकोस लिहिलं होतं म्हणून हात वर केला. म्हटलं, सुपात ज्वारी नव्हती, बाजरी होती ना?

सगळे शांत. दिग्दर्शक मागे वळून बघायला लागले. पाचव्या रांगेतून एक मुलगा उठला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो साउंड करणारा. तो म्हणाला, शूटिंगच्या दिवशी वारा फार होता, आवाज वाया गेला. नंतर पुण्यात खोलीत बसून परत रेकॉर्ड केला, तेव्हा घरात बाजरीच होती. आम्हाला वाटलं कुणालाही कळणार नाही. मग तो म्हणाला, मी परत करतो, चित्रपट लागायच्या आधी करतो.

बाहेर आल्यावर त्याने मला शोधलं. आम्ही लॉ कॉलेज रस्त्याने नळ स्टॉपपर्यंत चालत गेलो. त्याने माझ्याकडून आईचा पाखडण्याचा आवाज मागितलाय. पुढच्या महिन्यात यंत्र घेऊन तो आमच्या घरी येतोय, दोन दिवस राहणार आहे.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालदांडी हवीय का हायब्रिड? दोन्हीचा आवाज येगळा येतो, त्याला इचारून ठेव."

रीळवाला

मालदांडी सांग.